स्टॉपलॉस हाताने की जीटीटीने? बडोद्यातल्या नोकरीवाल्यांसाठी

दांडिया बाजार, रावपुऱ्यातली आपली बरीच मंडळी हल्ली शेअरमध्ये आलीयेत आणि अडतात सगळे एकाच जागी, प्लॅन तर केलाय पण पाळायचा कसा. दोन रस्ते आहेत. एक तर स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला ज्या भावाला विकायचं तो भाव, डोक्यात ठेवायचा आणि भाव आला की स्वतः विकायचं. नाहीतर शेअर घेतल्यावर लगेच जीटीटी (गुड टिल ट्रिगर्ड, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर) लावून टाकायची, खाली स्टॉपलॉस, वर टार्गेट, आणि ॲप बंद. माझं मत आधीच सांगतो, मकरपुरा जीआयडीसीत किंवा बँकेत नोकरी असेल तर जीटीटीच.

बाजार सव्वानऊ ते साडेतीन, तेव्हा तुम्ही कामावर, हे तर झालंच. पण खरी अडचण वेगळी आहे. हाताने विकायचं म्हणजे निर्णय नेमका त्या मिनिटाला घ्यायचा जेव्हा डोकं सगळ्यात जास्त तापलेलं असतं. ४८० ला विकेन म्हणणारा माणूस ४७९ वर म्हणतो जरा थांबू, ४७० वर म्हणतो आता अजून किती पडणार, ४५० वर आणखी घेऊन ॲव्हरेज करतो आणि मग घरी सांगतो की हा लाँग टर्मसाठी घेतलाय. येस बँक आठवा, २०१८ मध्ये ४०० च्या आसपास होता, खाली येताना लोक स्वस्त मिळतोय म्हणून घेत राहिले, मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि तो भाव परत दिसला नाही.

बडोद्यात त्यात भर म्हणजे घरच्या कंपनीची माया. बँक ऑफ बडोदा सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये सुरू केलेली, कुणाचे काका जीएसएफसीतून रिटायर, कुणाचे वडील अलेम्बिकमधून, मग तो शेअर विकायला हात धजत नाही. माया जरूर ठेवा, पण ते शेअर वेगळ्या डीमॅटमध्ये, ट्रेडिंगच्या पैशात मिसळू नका.

आता हाताच्या बाजूनेही बोलायला हवं. ४ जून २०२४, लोकसभेची मतमोजणी, निफ्टी एका दिवसात जवळपास ६ टक्के खाली, तेव्हा ज्यांचे स्टॉपलॉस लागले ते बाहेर पडले आणि ७ जूनला सेन्सेक्स नव्या उच्चांकावर. धरून बसलेल्यांचं भलं झालं, हे खरंच. पण त्याच दुपारी घाबरून तळाला विकून मोकळं होणंही हाताने तितकंच सोपं होतं, आणि आपण यातलं काय करू हे आदल्या रात्री कुणालाच सांगता येत नाही.

जीटीटीत काय बघायचं तेही सांगतो. ही ऑर्डर एक्स्चेंजवर नसते, ब्रोकरकडे असते, ट्रिगर, म्हणजे ठरवलेला भाव, लागल्यावर पुढे जाते. ट्रिगर ४८० आणि लिमिट (याहून कमी भावात विकायचं नाही तो भाव) ४७५ ठेवलं आणि शेअर सकाळी ४६० लाच उघडला तर माल विकला जात नाही, ऑर्डर नुसती लटकते. म्हणून लिमिट जरा खाली ठेवा आणि ट्रिगरचा मेसेज आला की एकदा ॲप उघडून बघा. डीडीपीआय (ब्रोकरला तुमचे शेअर विक्रीसाठी काढायची एकदाच दिलेली परवानगी) दिलेलं नसेल तर विकायला टीपिनने (डीमॅटच्या पिनने) मंजुरी लागते, ती राहिली तर जीटीटी असून नसल्यासारखी. बोनस शेअर किंवा स्प्लिट (शेअरचं विभाजन) आलं की भाव बदलतो, म्हणून जीटीटी परत लावायची.

क्वांटिटीचा हिशोब दोन्हीकडे सारखाच. भांडवल २ लाख, एका सौद्यात १ टक्का म्हणजे २००० रुपये घालवायची तयारी, ५०० ला घेतला, स्टॉप ४८०, तर १०० शेअर, बस. ४०० घेतलेत तर प्रत्येक रुपयाला पोटात गोळा येणार आणि लावलेली जीटीटी तुम्ही स्वतःच कॅन्सल करणार, कारण ती कॅन्सल करायला एक क्लिक लागतं. त्यामुळे बाजार चालू असताना जीटीटीला हात लावायचा नाही, बदल फक्त संध्याकाळी, आणि स्टॉपलॉस फक्त वर सरकवायचा.

ऑप्शनवाल्यांना यातलं काहीच फारसं वाचवत नाही. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांचं नुकसान झालेलं दिसलं.

दिवसभर स्क्रीनसमोर बसता येत असेल तर हाताचा रस्ता बाद नाही. मागचे दहा सौदे काढा, घेताना ठरवलेल्या भावाला त्यातले किती विकलेत ते काँट्रॅक्ट नोटशी (ब्रोकरकडून येणाऱ्या सौद्याच्या पावतीशी) ताडून बघा. आठ-नऊ असतील तर हातानेच चालू द्या, त्याहून कमी असतील तर आज साडेतीननंतर बसून सगळ्या होल्डिंगला जीटीटी लावा.