ओक ट्री रोडचं तिकीट आणि एमव्हीसीचा १५ डॉलरचा कागद: सात महिन्यांनंतर

मार्चमध्ये इथं न्यू जर्सीत गाडीच्या विम्याचं पत्र आलं. हप्ता महिन्याला १९ डॉलरनं वाढलेला. अपघात नाही, नवी गाडी नाही, घरात नवा ड्रायव्हर नाही. एजंटला फोन लावला तर म्हणाला, "रेकॉर्डवर पॉइंट दिसतायत." पॉइंट म्हणजे वाहतुकीचा नियम मोडला की लायसन्सच्या रेकॉर्डवर चढणारे वाईट गुण. किती, ते काही त्याला सांगता येईना. एकोणीस गुणिले बारा म्हणजे २२८ डॉलर वर्षाचे, आणि कशाचे ते माहीत नाही! त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझी तिकिटं, म्हणजे पोलिसांची चलनं, दोनच. पहिलं दोन वर्षांपूर्वीचं, वेगमर्यादेच्या वर १२ मैल, दंड ९५ डॉलर. दुसरं गेल्या ऑक्टोबरमधलं, ओक ट्री रोडवर सिग्नल तोडल्याचं, दंड ८५. (पिवळा होता असं माझं अजूनही म्हणणं आहे. बायको शेजारी बसली होती, तिचं म्हणणं वेगळं आहे.) दोन्ही प्रत्येकी २ पॉइंटची, म्हणजे माझ्या हिशेबानं ४. आता हे खरं की खोटं, ते कुठं बघायचं?

पहिला मूर्खपणा इथं केला. गूगलवर सगळ्यात वर जी खासगी साइट आली तिला २५ डॉलर दिले. बदल्यात माझेच जुने तीन पत्ते मिळाले आणि माझ्याच आडनावाच्या, टेक्सासमधल्या कुणा गृहस्थाचं एक तिकीट. पॉइंट शून्य. पैसे परत मागितले, उत्तर नाही. वर "सरकारी नोंदींवर आधारित" असं मोठ्या अक्षरात आणि खाली "सरकारशी संबंध नाही" असं मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असलं की तिथून उठायचं, एवढं शिकलो.

मग कोर्टाचं पोर्टल, एनजेएमसी डायरेक्ट. इथं चार गोष्टी लागतात: कोर्टाचा कोड, तिकिटाचा प्रीफिक्स, तिकिटाचा नंबर आणि गाडीची नंबरप्लेट. माझं तिकीट पोलिसाच्या गाडीतल्या प्रिंटरमधून निघालेलं, किराणा दुकानाच्या पावतीसारखं. पाच महिने ग्लव्ह बॉक्समध्ये तापून फिकट झालेलं. प्लेट वाचता येत होती, तिकिटाचा नंबर वाचता येत होता, आणि कोर्टाच्या कोडातले शेवटचे दोन आकडे साफ उडालेले. म्हटलं, त्यात काय, ओक ट्री रोड म्हणजे एडिसन, एडिसनचा कोड १२०५. टाकला. सापडेना. प्रीफिक्स बदलून बघितला, मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, मध्ये जागा, जागा न सोडता. सापडेना. साइटला मनातल्या मनात अस्सल कोल्हापुरी शिव्या घातल्या.

चूक साइटची नव्हती. ओक ट्री रोड एडिसनमधून इसेलिनमध्ये शिरतो, आणि इसेलिन वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतं. वुडब्रिजचा कोड १२२५. सुरुवातीच्या १२ चा अर्थ मिडलसेक्स काउंटी. मी बारा वर्षं या रस्त्यावर भाजी घेतोय, पण हद्द नेमकी कुठल्या दुकानापाशी बदलते ते आजही सांगू शकणार नाही. तुमचा पोस्टाचा पत्ता काहीही असो, तिकीट ज्या टाउनशिपच्या हद्दीत मिळालं तिचं कोर्ट. प्रिन्स्टन जंक्शनवाल्यांनी वेस्ट विंडसर बघावं.

हे मला कळलं ते कोर्टाच्या ऑफिसातल्या एका बाईंमुळे. फोन केला, लायसन्स नंबर विचारला, मिनिटभरात सांगितलं, "आमच्याकडेच आहे, भरलेलं आहे." वर स्वतःहून बजावलं की इथं पॉइंट दिसणार नाहीत, ते एमव्हीसीकडे, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन खात्याकडे. सरकारी फोनवर असं कुणी बोलेल ही अपेक्षाच नव्हती. पुण्यात दादाला चलन बघायला गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले की फोटोसकट सगळं समोर येतं, हे मी आजवर कौतुकानं सांगायचो. पण तिथं अशी फोन उचलणारी बाई नाही.

तर १५ डॉलर भरून एमव्हीसीचा ड्रायव्हर हिस्टरी अॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे माझ्या ड्रायव्हिंगच्या रेकॉर्डचा उतारा काढला, पाच वर्षांचा. पंधरा डॉलर! माझीच माहिती मला विकतात. पण कागद चोख. दोन्ही तिकिटं तारखेसकट, आणि पॉइंटची बेरीज ४ नाही, २. सलग वर्षभर नवा गुन्हा नसेल तर ३ पर्यंत पॉइंट आपोआप उतरतात. दोन तिकिटांमध्ये तेरा महिन्यांचं अंतर होतं, त्यामुळे पहिले २ गेलेले. पॉइंट गेले तरी तिकिटाची ओळ मात्र तशीच राहते. आणि विमा कंपनी ओळ वाचते. तिचा पॉइंटचा हिशेब वेगळा आणि एमव्हीसीचा वेगळा. माझ्या कंपनीनं तीन वर्षं मागं पाहिलं.

इथवर माझं मत असं होतं: ८५ डॉलर रात्री अकरा वाजता दोन मिनिटांत ऑनलाइन भरले, सुट्टी घ्यावी लागली नाही, उत्तम सोय. मे महिन्यात ते बदललं. ऑनलाइन दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. पॉइंट लागणारच. ऑफिसातल्या मित्रानं असंच तिकीट झूमवरच्या सुनावणीत प्रॉसिक्युटरशी, म्हणजे सरकारी वकिलाशी बोलून कलम ३९:४-९७.२ वर आणलं, म्हणजे "अनसेफ ड्रायव्हिंग". पहिल्या दोन वेळा शून्य पॉइंट, पण दंडाव्यतिरिक्त २५० डॉलर सरचार्ज. तेव्हा मी त्याला हसलो होतो, ८५ च्या जागी चारशेच्या आसपास गेले म्हणून. आता माझे बघा: १९ गुणिले ३६, म्हणजे ६८४, अधिक ८५. त्याचा हप्ता वाढला नाही. तो आता हसत नाही, सभ्य माणूस आहे.

एक गोष्ट मात्र पैसे वसूल निघाली. एमव्हीसीमान्य डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा सहा तासांचा कोर्स. मला ऑनलाइन वीसएक डॉलरला पडला. २ पॉइंट कमी होतात, पाच वर्षांतून एकदा, आणि विम्यात तीन वर्षं सवलत. पॉइंट आधी असायला हवेत. शून्यावर असताना केला तर पुढच्यासाठी शिल्लक जमा होत नाही. मी जूनमध्ये केला, सर्टिफिकेट एजंटला पाठवलं, १९ चे ११ झाले. त्या कोर्समध्येच कळलं की पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून चालवण्याला ५ पॉइंट आहेत. पुण्यात त्याला आपण नुसतं गाडी चालवणं म्हणतो. अशी दोन-तीन तिकिटं जुळून आली तर ६ पॉइंटला दरवर्षीचा १५० डॉलर सरचार्ज, वरच्या प्रत्येक पॉइंटला २५, आणि १२ ला लायसन्स निलंबित.

सप्टेंबरमध्ये पुन्हा १५ डॉलर घालून कागद काढला, नुसतं शून्य बघायला. बायकोनं विचारलं, फोटो काढून फ्रेम करणार का?

परवा तिला मेटचन स्टेशनजवळ पार्किंगचं तिकीट मिळालं. पार्किंगला पॉइंट नसतात, तरी मी गाडीतून उतरायच्या आत त्याचा फोटो काढला, कोर्टाचा कोड मोठा करून. ती म्हणाली, भरून टाक आणि गप बस.