व्होडाफोन की एअरटेल: कंपन्या विकत घेत मोठ्या झालेल्या दोघींपैकी कोणाचा शेअर घ्यावा?

टेलिकॉममध्ये दीर्घ मुदतीसाठी पैसे गुंतवू पाहणाऱ्या अनेकांपुढे ही दोन नावे येतात. आधी एक घोळ मिटवू. आपल्या शेअर बाजारात मिळतो तो व्होडाफोन आयडियाचा शेअर. ब्रिटनचा व्होडाफोन ग्रुप लंडनला नोंदलेला आहे आणि व्होडाफोन आयडियातला त्याचा हिस्सा 2025 मध्ये 16 टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे नाव एक असले तरी कंपन्या दोन, आणि जोखीमही वेगवेगळी.

व्होडाफोनने सगळ्यात मोठ्या खरेद्या तेजीच्या ऐन भरात केल्या. 1999 मध्ये अमेरिकेची एअरटच घेतली आणि 2000 मध्ये जर्मनीची मानेसमान. मानेसमानच्या व्यवस्थापनाचा कडाडून विरोध होता, तरी सुमारे 180 अब्ज डॉलरचा सौदा झालाच. त्यातली एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे: किंमत रोखीत न देता व्होडाफोनने स्वतःचे शेअर दिले. त्यामुळे कंपनी कर्जात बुडाली नाही, पण फुगलेल्या भावाचा हिशेब पुढे चुकता करावाच लागला. 2006 मध्ये जुन्या खरेद्यांचे मूल्य ताळेबंदात घटवावे लागले आणि तोटा 22 अब्ज पौंडांच्या घरात गेला. त्याच वर्षी जपानचा धंदा सॉफ्टबँकेला विकला. 2014 मध्ये अमेरिकेतल्या व्हेरायझन वायरलेस या मोबाइल कंपनीतला 45 टक्के हिस्सा 130 अब्ज डॉलरला दिला. हा हिस्सा एअरटचच्या सौद्यामुळे हाती आला होता आणि माझ्या मते व्होडाफोनची सगळ्यात फायद्याची कमाई तीच. गंमत म्हणजे तिथला कारभार व्होडाफोनच्या हातात नव्हता! पुढे स्पेन आणि इटलीही विकले. जर्मनी मात्र आजही ग्रुपची सर्वांत मोठी बाजारपेठ आहे.

एअरटेलची सुरुवात 1995 मध्ये दिल्लीत झाली. घरच्या खरेद्या लहान होत्या: कर्नाटक आणि आंध्रसाठी जेटी मोबाइल्स, चेन्नईत स्कायसेल, कोलकात्यात स्पाइस. नकाशावरची मोकळी सर्कल (म्हणजे मोबाइल परवान्यांसाठी पाडलेले विभाग) भरत नेली. मोठी उडी 2010 ची. कुवेतच्या झैन या टेलिकॉम कंपनीचा आफ्रिकेतल्या 15 देशांतला धंदा 10.7 अब्ज डॉलरला घेतला आणि तोही मुख्यतः कर्ज काढून. भारतासारखे दर पाडले की लोक भरपूर बोलतील, असा हिशेब होता. तो जमला नाही. तिथली चलने घसरत राहिली आणि कर्ज डॉलरमध्ये होते. नायजेरियात तर त्याच नेटवर्कवर इकोनेट, व्होडाकॉम, व्हीमोबाइल, सेलटेल, झैन आणि एअरटेल अशा सहा पाट्या लागल्या. ग्राहक टिकवणे किती जिकिरीचे गेले असेल!

तरीही एअरटेल तिथून पळाली नाही, म्हणून मी तिला झुकते माप देतो. टॉवर विकून कर्ज कमी केले, बुर्किना फासो आणि सिएरा लिओन सोडले, मोबाइलवरून पैसे पाठवण्याचा धंदा वाढवला आणि 2019 मध्ये एअरटेल आफ्रिका लंडनला नोंदवली. विकत घेतलेला धंदा चालवून दाखवायला जवळजवळ दशक गेले.

भारतात दोघींची तुलना अधिक स्पष्ट होते. मुंबईकरांनी मॅक्स टच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि व्हीआय ही सगळी नावे पाहिली आहेत. हचिसन एस्सारमधला 67 टक्के हिस्सा व्होडाफोनने 2007 मध्ये सुमारे 11 अब्ज डॉलरला घेतला, आणि त्यावरच्या कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापासून हेगच्या लवादापर्यंत गेला. 2016 मध्ये जिओ आली. दर कोसळले, तेव्हा 2018 मध्ये आयडियाशी विलीनीकरण झाले. पण दोन थकलेल्या कंपन्या एकत्र आल्याने तिजोरी भरत नाही. पुढच्याच वर्षी एजीआरच्या, म्हणजे सरकारी शुल्क कोणत्या महसुलावर मोजायचे याच्या निकालाने थकबाकीचा डोंगर उभा राहिला.

त्याच पडझडीत एअरटेलने टेलिनॉर इंडिया आणि टाटाचा ग्राहकांसाठीचा मोबाइल धंदा जवळपास रोख न मोजता घेतला. स्पेक्ट्रम आणि ग्राहक दोन्ही मिळाले. 2019 मध्ये राइट्स इश्यूतून, म्हणजे आधीच्या भागधारकांना नवे शेअर देऊन, 25,000 कोटी रुपये उभे केले, म्हणून एजीआरचा फटका तिला सोसता आला.

शेअर स्वस्त दिसतो म्हणून व्होडाफोन आयडिया घेणाऱ्यांनी एक पाहावे: सरकारी देणी शेअरमध्ये बदलत गेली आणि 2025 मध्ये सरकारचा हिस्सा 48.99 टक्के झाला. कंपनी तगली, पण जुन्या भागधारकाचा वाटा प्रत्येक वेळी आकसला. बुडाले तरी चालेल एवढीच रक्कम तिथे ठेवा.

परदेशात गुंतवणुकीची सोय असेल आणि लाभांश हवा असेल, तर व्होडाफोन ग्रुपचा विचार होऊ शकतो. मात्र तिथेही लाभांश 2019 पासून दोनदा कापला गेला आहे. वाढ हवी असेल तर मी एअरटेल घेईन. फक्त आफ्रिकेचे तिमाही आकडे दोन्ही तऱ्हेने वाचा: आधी चलनाचा परिणाम वगळून, मग डॉलरमध्ये. नायजेरियाचा नायरा कोसळला तेव्हा पहिला आकडा वाढ दाखवत होता आणि दुसरा घट.