केगेल की अश्विनी मुद्रा?
प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर खोकताना, उठताना लघवीचे थेंब गळत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: केगेल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम. अश्विनी मुद्रा ही योगातली क्रिया, तिच्यात मुख्यतः गुदद्वार आवळलं जातं. गळती थांबवायला मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू कामाला लागायला हवा. त्यासाठी लिंग आत ओढून घेतल्यासारखं करा, पाच सेकंद धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. पोट, मांड्या, नितंब ढिले, श्वास चालू. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम बायकांसाठी मांडला होता, पण पुरुषांनाही तो चांगला उपयोगी पडतो. रोज योगासनं करणाऱ्यांना अश्विनी लवकर जमते. वायू रोखायला तिची मदत होते. ओटीपोटात सतत दुखत असेल तर मात्र दोन्ही थांबवा. तिथे आधी हे स्नायू सैल सोडायला शिकावं लागतं, आणि ते फिजिओथेरपिस्टकडूनच शिकलेलं बरं.