फोनच्या चार्जिंगची केबल बदलली त्याला आठ महिने झाले, आता खरं काय ते लिहिते

आधी जुन्या केबलबद्दल, कारण तिने मला दीड महिना वेड्यात काढलं. फोन रात्रभर लावला तरी सकाळी साठ-पासष्ट टक्के. मी आधी बॅटरीला शिव्या घातल्या, मग अपडेटला, मग चार्जर गेला असं ठरवून भावाचा चार्जर लावून बघितला, तरी तेच. केबल डोक्यातच आली नाही कारण केबल दिसायला ठणठणीत होती, फक्त पिनेच्या मानेशी तिचं पांढरं कव्हर जरा पिवळं पडून फुगल्यासारखं झालं होतं. मग हळूहळू ती ठरावीक कोनातच चालायला लागली, म्हणजे फोन टेबलाच्या कडेला ठेवायचा, वायर डावीकडे वाकवायची आणि वर चष्म्याचं घर ठेवायचं. कोणी चष्मा उचलला की चार्जिंग बंद. आणि लॅपटॉपला लावला तर फोन ओळखायचाच नाही, नुसतं चार्जिंगचं चिन्ह, फाईल्सचं विचारायचंच नाही. मला वाटलं फोनची सेटिंग बिघडली.

एक दिवस कव्हर फाटून आतली तार चमकायला लागली तर मी त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. हे करू नका. पट्टीने फक्त जागा कडक झाली आणि मोडायची जागा पट्टीच्या पुढे सरकली, आतलं जे तुटलंय ते तुटलेलंच. वर ती पट्टी उन्हाळ्यात चिकट होऊन हाताला लागते ते वेगळंच.

फेकायच्या आधी मी ती ब्लेडने चिरून बघितली. ही जुन्या पद्धतीची, एका बाजूला मोठी चपटी यूएसबी ए पिन आणि दुसरीकडे छोटी लंबगोल सी पिन. आत चार तारा, लाल आणि काळी वीज नेणाऱ्या, पांढरी आणि हिरवी डेटाच्या. हिरवी साफ तुटलेली, लाल तारेचे तीन-चार केसाएवढे धागे तेवढे शिल्लक. म्हणजे सगळं कोडं तिथेच सुटलं. जुन्या फास्ट चार्जिंगमधे चार्जर आणि फोनचं बोलणं याच पांढऱ्या-हिरव्या तारांवरून होतं, ते बोलणंच झालं नाही की चार्जर आपला साधे ५ व्होल्ट देत बसतो. भावाकडे तो मधे लावायचा छोटा मीटर आहे, त्यात आदल्या दिवशीच बघितलं होतं, ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर सुद्धा नाही. बिचाऱ्या बॅटरीला उगाच बोल लावला.

आता नवीन. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉटचा, सी पोर्टवाला, म्हणून ठरवलं की एकच केबल दोन्हीला चालेल अशी घ्यायची, सी टू सी, म्हणजे दोन्ही टोकांना सी पिन. इथे एक गोष्ट मला माहीत नव्हती. साधी सी टू सी केबल ३ अँपिअरपर्यंतच असते, २० व्होल्टला म्हणजे ६० वॉट. त्याच्या वर ५ अँपिअर न्यायचे तर केबलच्या पिनेत एक बारीकशी चिप लागते, ई-मार्कर म्हणतात तिला, ती चार्जरला सांगते की मी एवढं सोसू शकते. ती नसेल तर चार्जर ३ अँपिअरवरच थांबतो, जळत-बिळत काही नाही. २०२१ पासून तर २४० वॉटपर्यंतचा नियम आलाय, मला त्याची काही गरज नाही. मी १०० वॉटची, दोन मीटर लांब, नायलॉनची विणलेली घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ह्याच नावाखाली तीन वेगवेगळ्या केबल मिळतात आणि तुम्ही भलतीच घ्याल.

पहिला महिना मी जाम खूश. मीटरवर ९ व्होल्ट, दोन अँपिअरच्या आसपास, फोन आंघोळ-नाश्ता होईपर्यंत अर्ध्याच्या वर. लॅपटॉप पण पूर्ण वेगाने. तक्रार एकच, केबल जाड आहे आणि नवी असताना आडमुठी, टेबलावर सरळ पडतच नाही, गुंडाळलेल्या आकाराची आठवण ठेवून बसते. फोन हलका असेल तर फोनच ओढत नेते. दोन-तीन आठवड्यांनी जरा मऊ झाली.

मग एसएसडीवरून, म्हणजे फाईल्स साठवायच्या बाहेरून लावायच्या डबीवरून, लॅपटॉपमधे भाच्याच्या मुंजीचे व्हिडिओ घ्यायला बसले, ६० जीबी. अर्धा तास! एसएसडी वेगवान, लॅपटॉपचा पोर्ट वेगवान, मग अडलं कुठे? खोका शोधून काढला, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, डेटा ४८० एमबीपीएस, सेकंदाला इतके मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे यूएसबी २.०, सन २००० मधला वेग, प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबी. समोर मात्र मोठ्या अक्षरात १०० वॉट. मला वाटायचं जास्त वॉटची केबल म्हणजे सगळ्यातच भारी, पण वीज आणि डेटा ह्यांचा एकमेकांशी संबंध नाही. सी पिनेत २४ टोकं असतात, त्यातली वेगवान डेटाची जी असतात त्यांना ह्या केबलमधे तारच जोडलेली नाही. बाहेरून बघितलं तर ही आणि वेगवान डेटावाली, दोन्ही केबल जुळ्या बहिणी. फसवलं असं म्हणणार नाही, लिहिलेलं होतं, मीच वाचलं नाही. पण अक्षरं थोडी मोठी छापली असती तर काय बिघडलं असतं.

म्हणून पाच महिन्यांपूर्वी दुसरी घेतली, एक मीटर, १० जीबीपीएसवाली, म्हणजे कागदावर वीसपट वेगाची. आखूड का, तर एवढ्या वेगाला साधी लांब केबल झेपत नाही, सिग्नल वाटेत मरगळतो. तेवढाच माल दोन-सव्वादोन मिनिटांत आला. मी घड्याळ दोनदा बघितलं.

फार स्वस्तातली अनोळखी केबल का घेतली नाही तेही सांगते. २०१५ मधे गूगलचे एक इंजिनिअर, बेन्सन लेउंग, ए टू सी केबली विकत घेऊन तपासून रिव्ह्यू लिहायला लागले, कारण बऱ्याच केबलींमधे ५६ किलोओहमच्या जागी १० चा रेझिस्टर, म्हणजे किती वीज ओढायची ते फोनला कळवणारा छोटा भाग, टाकलेला असायचा. त्याने फोनला वाटतं की समोरून ३ अँपिअर मिळणारेत, आणि तो समोरच्या पोर्टला झेपणार नाही एवढं ओढायला जातो. २०१६ च्या सुरुवातीला तर एका केबलीत आतल्या तारांची अदलाबदल झालेली निघाली आणि त्यांचा तपासणीचा लॅपटॉपच गेला. एवढं वाचल्यावर माझी हिंमत नाही.

आठ महिन्यांनंतरची स्थिती. मोठ्या केबलची मान अजून घट्ट आहे, रबराचा लांब पट्टा आहे तिथे, वाकली तरी हळूहळू वाकते. नायलॉन मात्र एका ठिकाणी उसवल्यासारखं झालंय, खुर्चीचं चाक दोनदा वरून गेलं ती जागा. आत काही नाही, मीटरवर आकडे तेच. मधे एकदा पिन लूज वाटायला लागली आणि मी मनात म्हटलं झालं, ही पण गेली. पण फोनच्या पोर्टात टॉर्च मारून बघितलं तर खिशातला कापसासारखा कचरा दाबून बसलेला. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढला, वाटाण्याएवढा गोळा निघाला, आणि पिन परत टक् करून बसली. सुई घालू नका, आतली जीभ नाजूक असते. झीज व्हायची ती केबलची व्हावी म्हणून स्प्रिंगवाले कॉन्टॅक्ट केबलच्या पिनेत ठेवलेले असतात, फोनच्या पोर्टात नाही, तेव्हा लूज झालं तर आधी कचरा बघा, मग केबल बदलून बघा, पोर्ट बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.

चार्जरभोवती घट्ट गुंडाळणं मी बंद केलंय, मोठे सैल वेढे घालते. काढताना पिनेला धरते, वायरला धरून ओढत नाही. निदान मी तरी.

दोन्ही केबली काळ्या असल्याने वेगवान केबलीला मी लाल दोरा बांधलाय. घरी सगळ्यांना सांगितलंय, कॉपी करायला लाल दोरावाली. बाबा रोज रात्री त्याच केबलने फोन चार्जिंगला लावतात कारण ती आखूड आहे आणि पायात येत नाही, आणि परवा दोन मीटरवालीने पेनड्राईव्हसारखी ती एसएसडी लावून मला हाक मारून विचारत होते की हा लॅपटॉप एवढा हळू का झालाय.