हळद, वरात, पाठवणी: कुठलं गाणं कशावर वाजवायचं?

लग्न ठरलं की घरातल्या एखाद्या भावावर नाहीतर करवलीवर गाण्यांची जबाबदारी येते, आणि तिथून थेट यादी सुरू होते. यादी नंतर करा. आधी बघा वाजवणार कोण आहे. कोल्हापूर भागात साधारण चार पर्याय समोर येतात: ब्रास बँड, बेंजो (तारांचा बेंजो आणि कीबोर्ड घेतलेली पार्टी), डॉल्बी (डीजेचे मोठे स्पीकर) आणि हलगी-घुमकं-कैताळ (चामड्याची वाद्यं आणि झांजा). हॉलचे स्वतःचे स्पीकर हा पाचवा. एकच गाणं या प्रत्येकावर वेगळं होतं. डॉल्बीवर जे गाणं मांडव हलवतं, तेच बँडवर ओळखूसुद्धा येत नाही, आणि उलटंही घडतं.

ओळखायची सोपी खूण अशी. शब्द बाजूला ठेवून नुसती चाल गुणगुणा. दुसऱ्या ओळीपर्यंत समोरच्यानं गाणं ओळखलं तर ते बँडवर आणि बेंजोवर चालेल. शब्द काढल्यावर हाती नुसता ठेका उरला तर ते गाणं डॉल्बीसाठी ठेवा, कारण त्याचा जीव गायकाच्या आवाजात आणि बेसमध्ये आहे, क्लॅरिनेटला धरायला त्यात काहीच नाही.

झिंगाट की गुलाबी साडी

हळदीच्या रात्री ही दोन्ही गाणी मागितली जातातच, त्यामुळे नीट समोरासमोर ठेवून बघू.

‘झिंगाट’ 2016 च्या ‘सैराट’मधलं, अजय-अतुल यांचं. सुरुवातीच्या तुकड्यालाच माणसं उठतात, कडव्यात पायांना उसंत नाही, आणि मुखड्यातला तो एकच शब्द पुन्हापुन्हा येत असल्यानं तो सगळ्यांना येतो. बँडवाला इथं निम्मंच काम करतो, बाकीचं गर्दी गाऊन भरून काढते. म्हणून हे गाणं चारही ठिकाणी चालतं. बँडवर चालतं, बेंजोवर तर फारच खुलतं, आणि नुसत्या हलगीवरही पोरं त्याचा ठेका ओळखतात. नाचायला पावलं शिकावी लागत नाहीत. सात वर्षांचं पोरगं आणि साठीतले मामा एकाच घोळक्यात उड्या मारू शकतात.

त्याचा धोका वेगळा आहे. झिंगाट सुरुवातीला वाजलं की पुढची गाणी बसकी वाटतात. दहा मिनिटांत सगळ्यांचा दम निघतो, नवरदेव घामानं निथळतो, आणि मग डीजे कितीही चांगली गाणी लावू दे, माणसं पाण्याच्या जारकडं वळलेली असतात. दीड तासाचा कार्यक्रम असेल तर हे गाणं साधारण साठाव्या मिनिटाला ठेवा. त्याआधी मध्यम ठेक्याची तीन-चार गाणी, आणि त्यानंतर लगेच एक संथ. ‘वन्स मोअर’ येणारच, तो एकदाच द्या आणि तसं डीजेला आधी सांगून ठेवा.

‘गुलाबी साडी’ 2024 चं, संजू राठोड यांचं. सगळी मजा आवाजात आणि बोलण्याच्या लकबीत आहे, चाल थोड्याच सुरांत फिरते. डॉल्बीवर आणि हॉलच्या स्पीकरवर झकास. ब्रास बँडवर मात्र फिकं पडतं: ट्रम्पेट तेच दोन-तीन सूर फुंकत राहतो आणि मागची माणसं विचारतात, कुठलं गाणं हे? बेंजोवाल्याकडं चांगला कीबोर्ड आणि गाणारा असेल तरच तिथं मागा.

दुसरी गोष्ट म्हणजे हे गाणं माणसांनी मोबाईलवर तुकड्यातुकड्यानं पाहिलेलं आहे. ठरलेली पावलं येणारा तुकडा अर्ध्या मिनिटाचा असतो. पूर्ण गाणं लावलं की मुली तेवढा भाग जोरात नाचतात आणि पुढं एकमेकींकडं बघत उभ्या राहतात. बसवलेला नाच असेल तर गाणं दीड मिनिटावर कापून घ्या आणि तुकडा दोनदा येईल असं बघा. उत्स्फूर्त गर्दीसाठी झिंगाट, बसवलेल्या नाचासाठी गुलाबी साडी. दोन्हींतलं एकच घ्यायचं असेल आणि पाहुण्यांत निम्मे पन्नाशीच्या पुढचे असतील, तर झिंगाट घ्या.

‘कोंबडी पळाली’लाही याच फूटपट्टीनं मोजता येतं. ‘जत्रा’ सिनेमातल्या या गाण्याची चाल पुढं अजय-अतुल यांनीच 2012 मध्ये ‘चिकनी चमेली’ म्हणून हिंदीत नेली, त्यामुळे बाहेरगावचे, बेळगावकडचे, मुंबईचे पाहुणेही पाय हलवतात. चाल पक्की आहे, बँडवर उत्तम वाजते. मिश्र पाहुणे असतील तर हिचं पारडं झिंगाटच्या बरोबरीला येतं.

नवरीचा प्रवेश

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि तोही मोजमाप न केल्यामुळे. हॉलच्या दारापासून स्टेजपर्यंत 25 ते 30 मीटर अंतर धरा. शालू नेसलेली, डोक्यावर भावांनी फुलांची चादर धरलेली मुलगी सेकंदाला जेमतेम 40 सेंटिमीटर चालते. म्हणजे सव्वा मिनिट. गाण्याच्या सुरुवातीचं संगीत लांबलं तर पहिला शब्द येईपर्यंत ती अर्ध्यात पोचलेली असते. गाणं कुठून सुरू करायचं ते घड्याळ लावून ठरवा, आदल्या दिवशी एका बहिणीला त्याच वाटेनं चालायला लावा.

‘बहारों फूल बरसाओ’ (‘सूरज’, 1966, शंकर-जयकिशन, आवाज रफींचा) आणि ‘नवराई माझी’ (‘इंग्लिश विंग्लिश’, 2012, अमित त्रिवेदी) ही दोन टोकं आहेत. पहिल्यात सूर लांब आणि मोकळे आहेत, पितळी वाद्यांसाठीच केल्यासारखे. बाहेर मांडवात बँड असेल तर याला पर्याय नाही. चाल संथ, त्यामुळे नवरीला पाऊल जुळवण्याची घाई नसते. दुसरं गाणं नाचरं आहे. नवरी स्वतः नाचत येणार असेल तर तेच घ्या, पण मग फुलांची चादर धरणाऱ्या चार भावांनाही त्या ठेक्यावर चालता आलं पाहिजे. एक जण मागं राहिला की चादर तिरकी होते आणि फोटोत फुलांच्या माळा नवरीच्या तोंडावर येतात. मुलगी लाजरी असेल, दागिने जड असतील, तर बहारोंच बरं.

प्रवेशासाठी गाण्याची मूळ प्रत घ्या. डीजेकडच्या रिमिक्समध्ये मध्येच कुणाच्यातरी नावाची आरोळी येते, आणि ती नेमकी नवरी दारात असताना येते.

अक्षतांच्या वेळी बँड वाजतो त्याला गाणं लागतच नाही, वीस-तीस सेकंदांचा जल्लोष पुरतो. पण इशारा ठरवा. भटजींच्या जवळ उभ्या असलेल्या एकाच माणसानं हात वर करायचा आणि बँडमास्तरनं फक्त त्याच्याकडं बघायचं. नाहीतर एखाद्या मंगलाष्टकाच्या शेवटच्या ‘सावधान’ला कुणीतरी उत्साहानं हात हलवतो, ट्रम्पेट सुरू होतो आणि उरलेली मंगलाष्टकं त्यात बुडतात.

वरात

अर्धा किलोमीटरची वरात नाचत जायला तास-दीड तास घेते. गाणं चार मिनिटांचं धरलं तर कागदावर बावीस गाणी होतात. डॉल्बीला तेवढी लागतीलही. बँडला बारा-चौदा पुरतात, कारण वाजवणाऱ्यांना दम घ्यावा लागतो आणि मधली जागा साइड ड्रम आणि ढोल भरून काढतात.

बँडची यादी करताना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तासाभरानं ट्रम्पेटवाल्याचे ओठ थकतात आणि वरचे सूर फाटायला लागतात. उंच पट्टीची गाणी पहिल्या अर्ध्या तासात उरका, शेवटी खालच्या पट्टीतली ठेवा. बेंजोला वेगळा त्रास: दुपारच्या उन्हात तारा उतरतात. मार्च ते मे मधली वरात असेल तर दर दोन-तीन गाण्यांनंतर त्याला सूर लावायला मिनिटभर द्या. तो मागत नाही, कारण पोरं ओरडत असतात.

‘ये देश है वीर जवानों का’ हे ‘नया दौर’मधलं (1957, ओ. पी. नय्यर) देशाचं गाणं वरातीत रुजलं ते भांगड्याच्या ठेक्यामुळे. ढोल सुरू झाला की खांदे आपोआप हलतात. ‘आज मेरे यार की शादी है’ (1977, संगीत रवी) नवरदेवाच्या मित्रांचं आहे. दोन्ही बँडवर पक्की बसतात, कारण कुठल्याही बँडमास्तरला ती झोपेतही येतात. सुरुवात ‘यार की शादी’नं करा, घोडा किंवा गाडी मांडवाच्या तोंडाशी आली की ‘ये देश’. उलटं केलं तर दारात जोर कमी पडतो.

नागीण नाच हा स्वतंत्र विषय आहे. ‘मन डोले’ 1954 चं, हेमंतकुमारांचं. त्यातली गाजलेली बीन खऱ्या पुंगीवर वाजलेली नाही, कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवली. त्यामुळे बेंजो पार्टीतल्या कीबोर्डवर तो आवाज हुबेहूब निघतो. बँडमध्ये क्लॅरिनेटवाला तयारीचा असेल तर त्याच्याकडून ऐकावं, फार गोड वाजतं. 1986 च्या ‘नगीना’तलं ‘मैं तेरी दुश्मन’ जास्त आक्रमक, ते डॉल्बीवर बरं. दोन्हीत प्रश्न जागेचा येतो. तोंडात रुमाल धरून एक जण रस्त्यावर आडवा होतो, दुसरा पुंगी धरतो, आणि भोवती रिंगण धरून वरात थांबते. शिवाजी पेठेतल्या नाहीतर गंगावेशीतल्या बोळात मागं दुचाक्यांची रांग लागते, मेच्या डांबरावर लोळणाऱ्याची पाठ भाजते. मोकळ्या चौकात, एकदाच, तीन मिनिटं. माझ्या मते एवढं पुरतं.

आणि हलगी विसरू नका. नवरदेवाला मारुतीला नेताना, किंवा डॉल्बीचा खर्च आणि कटकट नको असेल तेव्हा, हलगी-घुमकं-कैताळासारखं दुसरं काही नाही. इथं गाणं मागायचंच नाही, लय वाढवायला सांगायची. वीज लागत नाही, टेम्पो लागत नाही, बोळातून जाता येतं, आणि म्हातारी माणसंही लेझमाची दोन पावलं टाकून जातात.

लावणी आणि पाठवणी

‘वाजले की बारा’ (‘नटरंग’, कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवरचा सिनेमा, 2010) ऐकायला आणि बघायला आहे. नाचणारी तयारीची असेल तर हळदीला स्टेजवर ठेवा. वरातीच्या गर्दीत लावणी बसत नाही, तिच्या थांबण्याच्या जागा गर्दीला सापडत नाहीत.

पाठवणीला ‘बाबुल की दुआएं’ (‘नीलकमल’, 1968) की ‘गंगा यमुना डोळ्यांत उभ्या का’, असा प्रश्न पडतो. पी. सावळारामांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लतादीदींचा आवाज असलेलं दुसरं गाणं घरच्या बायकांना शब्दाशब्दानं येतं, म्हणून तेच निवडावं. पण स्पीकरवर, अगदी हळू. बँडला इथं थांबवा. आई-मुलीचं बोलणं ऐकू आलं पाहिजे.

डॉल्बी ठरवताना

इथं मोजणी ‘दोन टॉप, दोन बेस’ अशी होते (टॉप म्हणजे वरच्या सुरांचे स्पीकर, बेस म्हणजे खालच्या). दोनशे-अडीचशे माणसांच्या हळदीला तेवढं भरपूर आहे. चार बेस लावले की शब्द ऐकू येत नाहीत, नुसती छाती हादरते, आणि पेठेतल्या जुन्या घरांच्या खिडक्या वाजायला लागतात. लाइट आणि साउंड वेगवेगळ्या फेजवर घ्यायला सांगा, नाहीतर दिवे कमी-जास्त झाले की स्पीकरमधून घूं आवाज येतो. निवेदनाचा माइक स्पीकरच्या पुढं गेला की शिट्टी मारतो, तो कायम मागंच धरायचा.

गाणी पेनड्राइव्हवर, 320 केबीपीएसची द्या. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली फाइल मोबाईलवर ठीक वाटते, डॉल्बीवर चिरकते. ब्लूटूथवर अवलंबून राहू नका: दहा मीटरपलीकडं तुटतं, आणि मध्येच फोन आला की मामांचा आवाज मांडवभर.

उघड्यावर लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद, हा ध्वनिप्रदूषण नियम 2000 मधला नियम आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून 100 मीटर शांतता क्षेत्र. वरात सीपीआर रुग्णालयाच्या बाजूनं जाणार असेल तर तेवढा पट्टा वाद्यं बंद ठेवून चालायचं, हे बँडवाल्याला आणि पोरांना आधीच सांगा. दहाला बंद म्हणजे शेवटचं गाणं पावणेदहाला सुरू झालं पाहिजे. झिंगाट त्यासाठी राखून ठेवलं तर ते हमखास अर्ध्यात तुटतं.

हॉलवाल्यानं गाण्यांचा परवाना मागितला तर कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 52(1)(झेडए) दाखवा. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ त्यातून सुटलेले आहेत, आणि केंद्रानं जुलै 2023 मध्ये तशी सूचनाही काढली आहे. वाढदिवसाला किंवा स्नेहमेळाव्याला ही सूट लागू नाही.

सुपारी देताना कागदावर लिहून घ्यायचं ते एवढं: वाजवणारे किती (बँडमध्ये अकरा, पंधरा की एकवीस), त्यात गाणारा आहे का, जनरेटर कुणाचा, सुरू आणि बंद व्हायची वेळ, आणि नवीन गाणी कुठली. बँडला आणि बेंजोला नवीन गाणं किमान आठ दिवस आधी द्या. आदल्या रात्री पाठवलेलं गाणं ते नाही म्हणणार नाहीत, मुखडा तेवढा वाजवतील आणि कडव्याच्या जागी ढोल बडवतील.