घर बांधताना आधी उजेड की गरम पाणी?

विदर्भात खेड्यात घर बांधत असाल, तर दिवसाचा उजेड आणि सोलरचं गरम पाणी यांचा विचार एकदमच करा. पैसे एकापुरतेच असतील तर मी आधी उजेड म्हणेन. कढत पाणी दिवाळीपासून होळीपर्यंत लागतं, अंधारं स्वयंपाकघर बाराही महिने छळतं. हीटर पुढे कधीही बसतो. स्लॅब पडल्यावर झरोका काढणं जड जातं.

उजेडासाठी टिनात पारदर्शक फायबरचा पत्रा किंवा काचेचं कवेलू टाकणं सगळ्यात स्वस्त. पण नागपुरात 26 मेच्या सुमारास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. पारा 45 च्या आसपास असताना ते ऊन सरळ चुलीपाशी बसलेल्या बाईच्या पाठीवर पडतं. त्यापेक्षा उत्तरेच्या भिंतीत, छताच्या लगेच खाली, हातभर उंचीची आडवी खिडकी घ्या. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी थोडं तिरपं ऊन शिरेल, पण दुपारचं जाळणारं ऊन वीतभर छज्जाही अडवतो. काच उघडणारी असली तर धूरही निघून जातो. खर्च थोडा जास्त, तरी हाच मार्ग धरा.

हीटरचं तोंड दक्षिणेला हवं, म्हणजे खिडकी आणि हीटर यांची जागेवरून भांडणं नाहीत. चार माणसांना 100 लिटर पुरतं. एवढं पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला विजेचे साडेचारच्या वर युनिट जातात. चुलीवर तापवायचं तर रोज पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, जाळा.

काचेच्या नळ्यांचा हीटर स्वस्त पडतो. तांब्याच्या नळ्यांची सपाट पेटी महाग, पण गारपिटीत आणि माकडांपुढे तीच टिकते. मात्र अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात मी काचेच्या नळ्याच घेईन. तांब्याच्या बारीक नळीत क्षार धरला की पाणी फिरेनासं होतं. काचेची नळी उपसून धुता येते, फुटली तर तेवढीच बदलता येते. गारांसाठी वर जाळी लावा. आणि भर दुपारी तापलेल्या रिकाम्या नळ्यांत थंड पाणी सोडू नका, काच तडकते.

टिनावर हीटर ठेवायचा नाही. 100 लिटर म्हणजे नुसतं पाणीच एक क्विंटल. न्हाणीवर स्लॅब टाकून तिथे बसवा, थंड पाण्याची टाकी त्याहून उंच घ्या. हीटर आज घेणार नसाल, तरी प्लास्टरआधी भिंतीत सीपीव्हीसीचा पाइप टाकून ठेवा. साधा पीव्हीसी गरम पाण्याने नरम पडतो.