जुनी राइड गेली, नवी आली: ओरलँडोत रांग कुठे लावायची?

फ्लोरिडातलं ओरलँडो म्हणजे डिस्ने आणि युनिव्हर्सलच्या थीम पार्कांचं शहर. तिथल्या सहलीचा बेत ठरत असताना घरात हमखास एक जण असा निघतो, जो पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिथे जाऊन आलेला असतो. कंपनीच्या कामाने गेलेला मामा म्हणा, नाहीतर एमएस करताना मित्रांबरोबर गेलेला चुलतभाऊ. त्याची यादी तोंडपाठ असते: शार्कवाली बोट चुकवू नका, डिस्नेच्या एपकॉट पार्कातले डायनोसॉर बघा आणि स्प्लॅश माउंटनवर भिजून या. या यादीतलं आज तिथे काहीच नाही. शार्क २०१२ मध्ये गेला, एपकॉटचे डायनोसॉर २०१७ मध्ये आणि स्प्लॅश माउंटन २०२३ मध्ये.

त्या जागांवर आता दुसऱ्या राइड आहेत. त्यांच्यासाठी फ्लोरिडाच्या उन्हात तासभर रांगेत उभं राहायचं का, आणि राहायचं तर घरातल्या कोणी, एवढंच या आढाव्यात पाहायचं आहे. डोळ्यांसमोर कुटुंब असं आहे: आई-बाबा, एक पाच वर्षांचं आणि एक दहा वर्षांचं मूल, आणि भारतातून आलेले आजी-आजोबा. आजोबांना सगळं बघायचं असतं. आजीचे गुडघे तयार नसतात.

आधी उंचीची पट्टी

राइडची गोष्ट कितीही गोड असो, दारातली उंचीची पट्टी शेवटचा शब्द बोलते. फ्रोझन एव्हर आफ्टर आणि मिकी-मिनीची रनअवे रेल्वे यांना उंचीची अट नाही. टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचरला ४० इंच (१०२ सेंमी) लागतात. मार्व्हलच्या 'गार्डियन्स'ची कॉस्मिक रिवाइंड आणि हॅरी पॉटरची ग्रिंगॉट्स ४२ इंचांवर (१०७ सेंमी) आहेत. युनिव्हर्सलची ममी आणि हॅग्रिडची मोटरसायकल ४८ इंच (१२२ सेंमी) मागतात. पाच वर्षांचं मूल नेमकं १०५ ते ११० सेंमीच्या आसपास असतं, म्हणजे या पट्टीच्या ऐन कडेवर. निघण्याआधी घरीच भिंतीला उभं करून मोजा. तिथे रांगेच्या तोंडाशी कळलं तर जो गोंधळ होतो, त्यावर कुठलंही आइस्क्रीम चालत नाही.

मूल बसत नसेल तर आई-बाबांपैकी एकाने आधी जाऊन यायचं, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता दुसऱ्याने जायचं, अशी सोय दोन्हीकडे आहे. डिस्नेत तिला रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप. दारातल्या कर्मचाऱ्याला आधी सांगावं लागतं.

स्प्लॅश माउंटन की टियाना

सगळ्यात जास्त भांडणं झाली ती या बदलावर. डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कातलं स्प्लॅश माउंटन १९९२ चं. ओंडक्याच्या आकाराच्या बोटीतून निवांत फिरत, गाणारे बाहुले बघत जायचं आणि शेवटी सुमारे पन्नास फुटांवरून खाली कोसळायचं. अडचण गोष्टीत होती. ती घेतली होती १९४६ च्या 'साँग ऑफ द साउथ' या चित्रपटातून. गुलामी संपल्यानंतरच्या काळातल्या मळ्यावरचं कृष्णवर्णीयांचं आयुष्य त्यात असं गोंडस करून दाखवलं होतं की प्रदर्शित झाला तेव्हाच त्यावर टीका झाली. डिस्नेने हा चित्रपट आपल्या स्ट्रीमिंग सेवेवरही ठेवलेला नाही. चित्रपट लपवायचा आणि त्याची राइड मात्र चालवायची, हे कधीतरी थांबणारच होतं. जून २०२० मध्ये बदलाची घोषणा झाली, जानेवारी २०२३ मध्ये राइड बंद झाली आणि २८ जून २०२४ रोजी तिथे टियाना, म्हणजे डिस्नेच्या राजकुमारी आणि बेडकाच्या चित्रपटातली नायिका, आली.

ज्यांना हा बदल म्हणजे इतिहासाची मोडतोड वाटते त्यांनी एक लक्षात घ्यावं. कॅलिफोर्नियातलं मूळ स्प्लॅश माउंटन (१९८९) हेच एका बंद पडलेल्या आकर्षणाच्या सामानावर उभं राहिलं होतं. 'अमेरिका सिंग्ज' नावाचा गाणाऱ्या बाहुल्यांचा खेळ १९८८ मध्ये बंद केला आणि त्यातले शंभराच्या वर बाहुले उचलून या राइडमध्ये बसवले. थीम पार्कमध्ये कुणाचं काही कायमचं नसतं.

आता तुलना. पाण्याचा मार्ग तोच, उतारही तोच, वेळ तोच दहा मिनिटांच्या आसपास. त्यामुळे पोटात गोळा येण्याच्या हिशेबात काडीचाही फरक पडलेला नाही. यांत्रिक बाहुले नव्या टियानाचे कितीतरी सरस आहेत. तिच्या हाताची आणि चेहऱ्याची हालचाल बघताना यंत्र आहे हे विसरायला होतं. संगीत न्यू ऑर्लिन्सच्या वळणाचं, रंगही छान. मग कमी काय आहे? धाक. जुन्या राइडमध्ये ससा पकडला जायचा, चढावर दोन गिधाडं तुम्हाला चिडवायची आणि मग कडेलोट व्हायचा. पडण्याला कारण होतं. नव्या गोष्टीत आपण पार्टीसाठी वादक शोधत फिरतो, जादूगारीण मामा ओडी आपल्याला बेडकाएवढं करते आणि पुन्हा मोठं करताना वरून सोडते. खलनायक नाही, संकट नाही. राजकुमारी आणि बेडकाच्या २००९ च्या चित्रपटात चांगला खलनायक असताना त्याला का गाळलं, हे मला कळलेलं नाही.

तरीही पाच वर्षांच्या मुलासाठी मी नवीच निवडेन. शेवटचा उतार सोडला तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आजोबा पाठीचा पट्टा लावत नसतील तर तेही चालतील. कपडे मात्र भिजतात, आणि डिसेंबर-जानेवारीत ओरलँडोची सकाळ आपल्याला वाटते त्याहून गार असते. थंडीत गेलात तर ही राइड दुपारी करा.

एकाच दिवशी बंद पडलेल्या दोन राइड

बदललेली आवड एका तारखेत बघायची असेल तर १३ ऑगस्ट २०१७ घ्या. त्या दिवशी डिस्नेने दोन जुनी आकर्षणं एकदम बंद केली. एपकॉटमधलं युनिव्हर्स ऑफ एनर्जी आणि हॉलिवूड स्टुडिओजमधली ग्रेट मूव्ही राइड. दोन्ही लांबलचक, थंडगार आणि बसून बघायच्या.

युनिव्हर्स ऑफ एनर्जी १९८२ मध्ये एपकॉटबरोबरच सुरू झालं. छतावर सौर पॅनेल, आत ऊर्जेबद्दलचा चित्रपट, मग तुम्ही बसलेली प्रेक्षकांची आसनंच हलायला लागायची आणि डायनोसॉरच्या जंगलातून फिरून यायची. पाऊण तास चालायचं. खरं सांगायचं तर निम्मे लोक तिथे वातानुकूलित अंधारात डुलकी काढायला जात. आजी-आजोबांसाठी याहून उत्तम काही नव्हतं, आणि आजच्या एपकॉटमध्ये त्याला पर्याय नाही. त्या जागी २०२२ मध्ये आलेली कॉस्मिक रिवाइंड ही अंधारातली रोलरकोस्टर. ती मागच्या दिशेने सुटते, धावताना डबे स्वतःभोवती वळतात आणि सहा गाण्यांपैकी एखादं कानठळ्या बसेल इतक्या जोरात लागतं. दहा वर्षांच्या मुलाला विचाराल तर सहलीतली ही सर्वोत्तम गोष्ट ठरते, आणि मला ते पटतं. झटके नाहीत, उलटं होणं नाही, वेग गुळगुळीत आहे. पण ज्यांना घाटात एसटीत मळमळतं, त्यांनी या राइडच्या वाटेला जाऊ नये. कुणाच्या मानेला त्रास होण्यापेक्षा पोट ढवळण्याची शक्यता इथे जास्त.

ग्रेट मूव्ही राइडचं उलट झालं. वीस-बावीस मिनिटांची ती फेरी म्हणजे जुन्या हॉलिवूडच्या देखाव्यांमधून एक जिवंत निवेदक तुम्हाला फिरवायचा, मध्येच एखादा गुंड गाडी पळवून न्यायचा. मजा होती, पण 'कासाब्लांका'चं विमान बघून ऊर भरून येणारे प्रेक्षक वर्षागणिक कमी होत गेले. २०२० मध्ये त्याच चिनी देवळासारख्या इमारतीत रनअवे रेल्वे सुरू झाली. रूळ नसलेल्या गाड्या, एकाच खोलीत चार डबे चार दिशांना जातात आणि भिंतीच बदलतात. पाचएक मिनिटांत संपते. वेग नाही, उतार नाही, उंचीची अट नाही. जुनीपेक्षा उथळ आहे, हे कबूल. पण आजी, आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसून एकाच गोष्टीला हसतात, अशा राइड आता मोजक्याच उरल्यात.

नॉर्वेची बोट

हा बदल पटकन आटोपतो. एपकॉटच्या नॉर्वे दालनात १९८८ पासून मेलस्ट्रॉम नावाची बोटीची छोटी राइड होती: व्हायकिंग, तीन डोक्यांचा राक्षस, शेवटी उत्तर समुद्रातली तेलविहीर आणि वर नॉर्वेवरचा एक माहितीपट, ज्यातून बहुतेक लोक न थांबता सरळ दाराबाहेर पडायचे. २०१४ मध्ये ती बंद झाली आणि २०१६ मध्ये त्याच कालव्यात, मागे सरकण्याच्या त्याच गमतीसकट, फ्रोझन आली. नॉर्वेच्या दालनात काल्पनिक राज्य का, हा वाद योग्यच होता. पण लहान मुलगी बरोबर असेल तर वाद घालायला वेळ मिळणार नाही. सकाळी दार उघडताच इथे या, कारण बोटी लहान असल्याने रांग फार सावकाश सरकते. बोटीत उतरताना पायरी खोल पडते, आजीचा हात धरा.

युनिव्हर्सल: शार्क, गोरिला आणि ड्रॅगन

युनिव्हर्सल जुनं पाडताना डिस्नेइतकं हळहळत नाही. १९९० च्या उद्घाटनापासूनची जॉज, म्हणजे ती शार्कवाली बोट, २ जानेवारी २०१२ ला बंद झाली आणि तो सगळा भाग सपाट करून २०१४ मध्ये हॅरी पॉटरच्या गोष्टीतली जादूगारांची गल्ली, डायगन अ‍ॅली, उभी केली. ग्रिंगॉट्स ही तिथली जादूगारांच्या बँकेतली राइड अर्धी कोस्टर, अर्धी पडद्यावरची लढाई. जुन्या जॉजमध्ये शार्क पाण्यातून खराखुरा उसळून यायचा, बोट चालवणारा नट घसा फोडून ओरडायचा. त्यातली कच्ची गंमत पडद्यावर येत नाही. पण गल्ली स्वतःच इतकी देखणी आहे की राइड न करणाऱ्या आजीचाही तास मजेत जातो. बँकेच्या छतावरचा ड्रॅगन मधून मधून आग ओकतो, ती चुकवू नका.

किंग काँगची राइड २००२ मध्ये गेली आणि तिच्याच इमारतीत २००४ मध्ये ममी आली. अंधार, आग, मागे धावणारा डबा. वीस वर्षं उलटली तरी अजून दमदार आहे. खजिन्याच्या खोलीत काँगची एक छोटी मूर्ती ठेवली आहे. मुलांना शोधायला लावा.

मधल्या काळात युनिव्हर्सलला पडद्यांचं वेडच लागलं होतं. २०१५ मध्ये भूकंपाची डिझास्टर आणि वादळाची ट्विस्टर बंद केली, आणि त्यांच्या जागी अनुक्रमे फास्ट अँड फ्युरिअसची आणि टीव्ही निवेदक जिमी फॅलनची पडद्यावरची राइड आणली. आधी खरी आग, खरं पाणी, खरा वारा होता. नंतर चित्रपटगृह, फक्त खुर्ची हलणारं. वेळ कमी असेल तर ही दोन्ही नावं डोळे मिटून खोडा.

आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं असावं. युनिव्हर्सलच्या शेजारच्या आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर पार्कात १९९९ पासून दोन ड्रॅगन कोस्टर समोरासमोर धावायच्या, पाय लोंबकळत, एकमेकींना घासून गेल्यासारख्या. त्यांना ५४ इंच उंची लागायची. २०११ मध्ये वरून सुटलेल्या वस्तूंमुळे लोकांना इजा झाल्यावर एकाच वेळी सोडणं थांबवलं, आणि मग त्यांच्यात विशेष काही उरलं नाही. २०१७ मध्ये त्या बंद झाल्या आणि २०१९ मध्ये हॅरी पॉटरमधल्या हॅग्रिडची मोटरसायकल आली. हिच्यावर पडदा जवळजवळ नाहीच. खरी झाडं, खरे हलणारे प्राणी, सात वेळा मिळणारा धक्का, मध्येच मागे पळणं आणि ५४ ऐवजी ४८ इंचांची अट. लोकांना आता फक्त जास्त थरार हवा असतो, हे म्हणणं इथे खोटं ठरतं. थरार कमी केला, गोष्ट वाढवली आणि रांग मात्र दुप्पट झाली. या आढाव्यातल्या सगळ्या बदलांत मला हा सर्वांत चांगला वाटतो.

अंदाज हवा असेल तर असा: खोपोलीच्या इमॅजिकातली नायट्रो ही रोलरकोस्टर ज्यांनी केली आहे, त्यांना हॅग्रिड सहज जमेल. नायट्रो बनवणारी स्विस कंपनी बोलिजर अँड माबियार, आणि पाडलेले ड्रॅगनही तिचेच होते. नायट्रोवर डोळे मिटून बसणाऱ्यांनाही हॅग्रिडवर ते उघडावेसे वाटतील.

तिकीट काढताना

टियाना मॅजिक किंगडममध्ये, रनअवे रेल्वे हॉलिवूड स्टुडिओजमध्ये, फ्रोझन आणि कॉस्मिक रिवाइंड एपकॉटमध्ये. म्हणजे डिस्नेचा एकच दिवस आणि वर सांगितलेल्यासारखं कुटुंब असेल, तर मी एपकॉट घेईन: धाकट्याला फ्रोझन, थोरल्याला कॉस्मिक, आजी-आजोबांना तळ्याभोवतीच्या देशांच्या दालनांतून फेरफटका. मुलं राजवाड्यासाठीच हट्ट धरून बसली असतील तर मॅजिक किंगडम, आणि टियाना ओघात होईल.

युनिव्हर्सलमध्ये ग्रिंगॉट्स आणि ममी एका पार्कात, हॅग्रिड शेजारच्या दुसऱ्यात. दोन्हींना जोडणारी हॉगवर्ट्सची आगगाडी फक्त दोन्ही पार्कांचं तिकीट असणाऱ्यांनाच मिळते. घरात पॉटरवेडं कुणी नसेल तर आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरचं एकाच पार्काचं तिकीट पुरे.

आणि मामाला त्याची जुनी यादीच हवी असेल, तर त्याला ओरलँडोऐवजी जपानला पाठवा. स्प्लॅश माउंटन टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये आणि जॉजचा शार्क ओसाकाच्या युनिव्हर्सलमध्ये अजून चालू आहेत.